दुसरा डबा

हेमकांतने नाही म्हटलं, तेव्हा
अमळनेरच्या जिनिंगमध्ये काट्यावर कापसाची ट्रॉली उभी होती.
मी आकडा लिहिला. बरोबर लिहिला.

नीट म्हणाला तो. चेष्टा नाही, कारणंही नाहीत.
फक्त दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा आला,
"आज भरीत आणलंय का?"

आणलं होतं. हिरव्या वांग्यांचं, पऱ्हाटीवर भाजलेलं,
कांद्याची पात घातलेलं.
माझ्यापुरतं.

आई अजून चार भाकरींचं कळणं परातीत घेते.
"दोनच कर," म्हटलं.
"काय व्हयनं व माय?"
"काही नाही. भूक तेवढीच आहे."

रात्री त्याचा फोन येतो:
शहाद्याचं स्थळ, होकार देऊ का, तू सांग.
नऊनंतर मी उचलत नाही.
पहिल्या रात्री फोन पिठाच्या डब्यात खुपसला होता
आणि पीठ थरथरताना बघत बसले होते.

भरली गाडी मोजायची, मग रिकामी,
वजाबाकी करून पावती फाडायची.
समोरच्या खुर्चीत तोच असतो.
मला तो आवडतो अजून;
हे वजन कुणाच्या पावतीवर चढवत नाही.

दुसरा डबा ओट्यावर उपडा आहे.
थंडीत स्टील लवकर सुकत नाही.