विषय क्रमांक चार

नगरपरिषदेचं इतिवृत्त मी लिहिते, एकोणीस वर्षं झाली.
कोण बोललं, अनुमोदन कुणाचं, हात किती वर झाले.
बाकीचं कोटाच्या खिशात राहतं.

आयोवाच्या मक्यातून राज्यमार्ग येतो,
आमच्या गावाचे दोन तुकडे करतो
आणि मागे न बघता निघून जातो.
उत्तरेला घरं, चर्च, दफनभूमी.
दक्षिणेला दवाखाना, औषधांचं दुकान
आणि बरा म्हणावा असा ब्रेड.

विषय क्रमांक चार : कमी वेगाची छोटी वाहनं
रस्त्यावर येऊ द्यावीत का.

वर्ना स्टकी उठली, वय वर्षं एक्याऐंशी.
"मोटार विकली मी. ती धावते, मी धावत नाही.
ही बॅटरीवरची गाडी पंचविसाच्या वर जातच नाही.
आमचे हे रागावले की याहून वेगात चालायचे."
हशा.
इतिवृत्तात हशा लिहीत नाहीत.

मग डेप्युटी ऑस्टरहाउट, टोपी हातात.
म्हणाला, तिथे ट्रक साठाने येतात, कधी सत्तरानेसुद्धा.
गेल्या ऑक्टोबरात मक्याचा ट्रक आणि एक मोपेड.
"ताडपत्री मीच घातली," म्हणाला,
"ती पुरेशी लांब नव्हती."
आणि टोपीची कड फिरवत राहिला.

बराच वेळ फक्त हीटर बोलत होता.

शेवटी वर्नाच, खालच्या आवाजात :
"योडरची बग्गी रोज ओलांडते, टेरिल.
घोड्याचा ब्रेक कुणी तपासलाय?"

पुढे दोन तास :
मागे केशरी त्रिकोण, पट्टे, दिवे,
झेंड्याची काठी किती फूट,
आरसा एक की दोन,
कुत्रा मांडीवर चालेल का.
(कुत्र्यावर निर्णय झाला नाही.)

तीन विरुद्ध दोन. मंजूर.
गावातल्या गल्ल्यांत चालवा खुशाल.
ओलांडणं मात्र आपल्या हातात नाही,
राज्यमार्ग राज्याचा.
पत्र पाठवावं असं ठरलं. पत्र मीच लिहिलं.

त्या रात्री घरी जाताना रस्ता मोजला,
या कडेपासून त्या कडेपर्यंत अठरा पावलं.
उत्तराला सहा महिने लागतील म्हणे.

आता दर गुरुवारी दहा वाजता
वर्ना आपली गाडी काठाशी उभी करते,
ब्रेक ओढून, झेंडा सरळ करून,
आणि पिशवी घेऊन चालत निघते.
आणि दर गुरुवारी दहाच्याच सुमाराला
डेप्युटी ऑस्टरहाउटच्या गाडीचं
काहीतरी बिघडतं. नेमकं तिथेच.
दिवे लुकलुकत ठेवून तो खाली उतरतो,
टायरला लाथ मारतो, पुन्हा मारतो,
ट्रक थांबतात.
तिच्याकडे तो बघत नाही. तीही नाही.
अठरा पावलं तिला पस्तीस पडतात.

याला कुठलं कलम लागतं मला माहीत नाही,
कुणी विचारलेलंही नाही.
इतिवृत्तात एवढंच :
राज्याकडून उत्तर, प्रलंबित.

माझाही गुडघा या हिवाळ्यात ऐकेना.
परवा एका गाडीची किंमत विचारून आले,
जुनी, हिरवी, सीटवर कुणाच्या तरी कुत्र्याचे केस.
डावा आरसा नाही.
कलम सहा, पोटकलम ब : दोन्ही आरसे सक्तीचे.
हे वाक्य मीच टाइप केलं होतं,
आणि तेव्हा ते किती सोपं वाटलं होतं.