कलाकलानं

तिपेने आला तो काटकोनात.
दाराशीच थांबला, चौकटीला हात लावून,
बूट काढता येईनात म्हणून माफी मागत.
मताउराच्या शेडमध्ये दिवसाला तीनशे मेंढ्या.
परवा तीनशे एकावी भादरून सोडली
आणि तो उठला, पाठ उठली नाही.

भावानं गुडघा रोवून मागं ओढलं होतं.
बायकोनं भिंतीला टेकवून उभं केलं होतं.
कुणी खांदे धरून म्हणालं, ताठ हो, गड्या.
सगळ्यांनी सरळ करायला घेतलेला माणूस
आता माझ्या टेबलावर, उताणा, गुडघे वर,
अंगाला लोकरीच्या चरबीचा वास.

दुखतं पाठीत.
मी बोट फिरवते पोटावर,
कमरेच्या हाडाच्या आतल्या कडेनं,
आणि तिथं, वाटाण्याएवढं, सापडतं.
तो शिवी देतो. मग पुन्हा माफी.

हे दहा, मी म्हणते. आता उतरेल तसं सांग.
त्याचे पाय उचलून माझ्या मांडीवर घेते,
वाकलाय त्याहून जास्त वाकवते.
"उलटं चाललंय हे, नायरी."
चालू दे.
आठ.
गुडघे जरा माझ्याकडे. पाच.
जिकडे कल, तिकडेच. केसभर अजून.
दोन, तो म्हणतो, आणि गप्प होतो.
बोटाखालचा वाटाणा भिजायला लागतो.

आता नव्वद सेकंद काही करायचं नाही.
हे शिकायला मला अकरा वर्षं लागली.
बाहेर त्याच्या गाडीत कुत्री,
श्वासानं काच धूसर करत बसलेली.
चाळिसाव्या सेकंदाला तो छताला सांगतो,
बापही असाच वाकलेला होता.
शवपेटीत सरळ ठेवला त्यांनी.
ओळखूच येईना.

मी बोट हलवत नाही.
माझ्या मांडीला मुंग्या आल्यात.

परत आणताना मात्र घाई नको,
झोपलेल्या पोराच्या मानेखालून
हात काढून घ्यावा तसं,
पहिली दोन बोटं अंतर तर
आणतोय हे त्यालाही कळू न देता.

उभा राहतो. अगदी सरळ नाही,
पण चौकट न धरता.
एक बूट उभ्यानं घालतो, दुसऱ्याला बसतो.
"केलंस काय नक्की?"
काही नाही. नव्वद सेकंदांचे नव्वद डॉलर.
तो हसतो,
हसताना सवयीनं हात पाठीकडे नेतो,
आणि तिथं कुणी भेटलं नाही
असा परत आणतो.