अकरा ओळी

साक्षी टाइप करायला मला नऊ दिवस लागले.
निकालाला चार मिनिटं.

यारमथच्या कोर्टात माझं काम एवढंच:
कानाला हेडफोन, पायाखाली पेडल,
बोललेलं सगळं कागदावर आणायचं,
कुणाचं 'अं' सुद्धा गाळायचं नाही.

लोरेन दॉन्त्रमाँची शेड जळाली
लॉब्स्टरचा हंगाम उघडायच्या आदल्या रात्री.
तीनशे चाळीस सापळे, दोर, बोये,
खुंटीवरचा मेलेल्या नवऱ्याचा मेणकापडी कोट.
ती शपथेवर म्हणाली, आल्फी सुरेतच होता,
चालण्यावरून ओळखला, डावा पाय ओढतो तो.
आल्फी म्हणाला, घरी होतो, भावाशी पत्ते खेळत.
भाऊ म्हणाला, हो. मग म्हणाला, बहुतेक.
पंपावरचा म्हातारा विल्फ्रेड म्हणाला, कॅन भरून नेला त्यानं,
पण त्या शनिवारी की आदल्या शनिवारी, देव जाणे.
धुकं होतं म्हणे. नव्हतं म्हणे.

दोनशे बारा पानं. मग क्रेटनसाहेब बोलले:
सर्व पुरावा ऐकला. काळजीपूर्वक विचार केला.
आरोपी दोषी आहे याबद्दल माझ्या मनात शंका नाही.
अठरा महिने.
वकिलांचे आभार धरून अकरा ओळी.

वाटलं, माझ्याच हातून काहीतरी सुटलं.
टेप मागे घेतली, आवाज वाढवला, पुन्हा मागे घेतली.
'शंका नाही' आणि 'अठरा महिने' यांच्या मध्ये
हीटरची घरघर होती,
आणि जिथे 'कारण' हा शब्द यायचा
तिथे पाण्याचा ग्लास टेबलावर ठेवल्याचा आवाज.

साहेब वाईट नव्हते.
त्या दिवशी यादीत चौदा प्रकरणं, बाहेर बर्फ,
शेलबर्नपर्यंतचा रस्ता लांब.
मनात तोललंही असेल त्यांनी सगळं, गुंजेपर्यंत.
पण मन टाइप करता येत नाही.
लहानपणी उशीर झाला की आई दारातच म्हणायची,
कारणं सांगू नकोस.
त्यांचीही म्हणत असेल.

हॅलिफॅक्सला तिघं बसले.
अकरा ओळींत काय नाही यावर
त्यांनी एकतीस पानं लिहिली.
आल्फी निर्दोष, असं कुठेच नाही त्यात.
निकाल चुकला, असंही नाही.
एवढंच, की चूक की बरोबर हे पाहायला
आमच्या हाती काही दिलेलंच नाही.
शिक्षा रद्द. खटला नव्यानं.

तोवर आल्फीचे सात महिने आत गेले होते
आणि विल्फ्रेड कायमचा.

लोरेन को-ऑपमध्ये भेटली, बटाटे निवडत होती.
"परत सगळं सांगायचं?
माझं खरं मानलं होतं ना त्यांनी?
की नुसता त्याचा पाय?"

आल्फी धक्क्यावर, बोयांना केशरी रंग देत.
मान वर न करता म्हणाला,
"तू ऐकलंस त्यांना, सतरा वेळा ऐकलं असशील.
माझं नेमकं कुठलं वाक्य खोटं वाटलं?"

दोघांनाही एकच ओळ हवी होती, बारावी.
मी म्हटलं, टेपवर जे होतं तेच लिहिलंय.
आल्फीचा ब्रश थांबला नाही.

मार्चमधली तारीख लागलीय.
नवे न्यायाधीश, जुनीच नावं, विल्फ्रेडच्या जागी त्याची जुनी पानं,
माझीच टाइप केलेली.
'देव जाणे' मी तसंच ठेवलं होतं.