चार मिनिटं, अकरा सेकंद

घणसोली गावात तेव्हा माझी केबल होती.
तळ्यापासून देवळापर्यंत, गच्चीवरून गच्चीवर,
आणि मधे पदू मढवीच्या चिंचेला
खिळा ठोकून नेलेली काळी वायर.
तीनशे बारा घरं.
शंभर रुपये महिना, तेही मागावे लागत.

रात्री नऊला माझा स्वतःचा कार्यक्रम:
कुणाची शेळी हरवली, कुणाचं बारावं कधी,
साडेबारा टक्क्यांच्या यादीत कुणाचं नाव लागलं,
आणि खालून सरकत जाणारी पट्टी,
मंडप, खुर्च्या, बुंदीची ऑर्डर.
माध्यम वगैरे कुणी म्हणत नव्हतं.
म्हणायचे, हसूचा टीव्ही लाव.

नव्व्याण्णवच्या वैशाखात
कान्हा रानकरच्या पोरीची हळद होती.
चांगुणाबाई धवळा गायला बसली.
ती एकदा बसली की हळद सुकेपर्यंत उठत नसे.
देव बोलावून झाले की वेस, वेशीनंतर मिठागराची वाट,
मग त्या घरातले मेलेले सगळे, नावानिशी.
ज्याचं नाव येई त्याची म्हातारी बहीण
कोपऱ्यात पदर डोळ्याला लावी.

कॅसेटमध्ये जागा थोडी होती.
नगरसेवकाचा सत्कार उद्या, त्याला राखायची होती.
चार मिनिटं अकरा सेकंद झाले
तेव्हा मी बटण दाबलं.
ओळ अर्धी होती:
*खाडीचे काठान...*

तेवढंच रोज रात्री लावायचो,
दोन जाहिरातींच्या मधे, जागा भरायला.
पहिल्या रात्री ती दुकानात आली, उभ्यानेच पाहिलं,
आणि डब्यातल्या बाईला म्हणाली,
'आगं, थांबलीस क्याला? हलद वली हाय अजून.'
आम्ही सगळे हसलो.
मी सर्वांत जास्त.

मग मोठ्या चॅनलची गाडी आली,
लोककला पाहिजे होती त्यांना, पण लवकर.
मी कॅसेट दिली. दीड हजार मिळाले.
मग ते कुणाच्या तरी मोबाइलमध्ये आलं,
मग सगळ्यांच्या.
कोपरखैरण्याच्या एका डीजेने खाली ठेका लावला.
सेट-टॉप बॉक्स आले त्या वर्षी चांगुणाबाई गेली.
त्याच वर्षी माझी केबलही.
चिंचेने खिळा केव्हाच गिळलाय,
वायरचा तुकडा तेवढा लोंबतो.

वाशीच्या कॉलेजातली एक मुलगी वही घेऊन आली होती.
'काका, तुमच्या चॅनलचा
इथल्या संस्कृतीवर काय प्रभाव पडला?'
मी म्हणालो, बाई, मी फक्त दाखवायचो.
तिने ते लिहून घेतलं.
तिला चहा दिला.

गेल्या महिन्यात सेक्टर नऊच्या हॉलमध्ये हळद होती.
पाच मुली बसल्या, एकसारख्या पिवळ्या साड्या,
आणि धवळा उचलला.
काय गळे होते! एकही सूर इकडचा तिकडे नाही.
दुसऱ्या कडव्यानंतर त्या एकदम थांबल्या,
दोन श्वास,
मग पुन्हा सुरू.
मला घाम फुटला.
कान्हाच्या स्वयंपाकघरात तिथे
कुकरची शिट्टी झाली होती,
म्हणून चांगुणाबाई थांबली होती.
'तिथे थांबायचंच असतं,' शेजारची बाई मला सांगत होती,
'आमच्यात पूर्वीपासून आहे.'

*खाडीचे काठान...*
आणि संपलं. टाळ्या.

काठावर कोण होतं?
होडी होती की कुणाची आई? की नुसतं मीठ?
मी त्या रात्री तिथेच बसलो होतो, हातभर अंतरावर.
बटण दाबलं आणि बॅग भरायला लागलो.
ती पुढे तासभर गात होती.
मला एक शब्द आठवत नाही.

डीजेच्या पोराने मला ओळखलं.
हेडफोन एका कानावरून सरकवून त्याने विचारलं,
'काका, झालं ना? लावू?'
नवरी हात अंगापासून लांब धरून बसली होती,
पंख्याकडे तोंड करून.
कोपरापर्यंत ओली.

मी मान हलवली.