अर्धं नख पिठी

माझं अक्षर वळणदार, म्हणून फळा माझ्याकडे.
शाळेने टाकून दिलेला, एक कोपरा वाळवीने नेलेला,
सड्याच्या तोंडाशी उंबराला टेकवून ठेवलेला.
सकाळी सातला सुभेदार यायचे,
वाकून गवताला दोन बोटं लावायचे
तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतात तशी,
आणि म्हणायचे, लिही.

वरचा उतार : गवत लवलेलं, सुकं. जोरात जातंय.
मधला : दहिवर नऊपर्यंत. थांबा.
खालचा : ढेब्यांच्या दोन म्हशी. शेण ताजं.
वणवा : नाही.
एकंदर : खुला.

उघडायला फाटक नव्हतं, बंद करायला दोर नव्हता.
पण ‘खुला’ हा शब्द वाचूनच
मेढ्याकडची पोरं दप्तरं फेकायची.

बांबू उभा चिरलेला, शेंडा विस्तवावर वाकवलेला,
खालून मेणबत्ती घासलेली,
पायाला सायकलच्या ट्यूबचा वेढा.
“गुडघं वाकीव. खुर्चीत बसाय निघालास
आन् खुर्ची कुणी वढली, तितकंच.”
“म्होरं बघ मंदे. पायाकडं बघितलंस
की पाय बी तुझ्याकडंच बघत बसत्यात.”
मंदी पडायची. कुसळं परकरात, केसात, एकदा तर पापणीत.
पुन्हा चढायची, बांबू खांद्यावर,
मोळी आणायला निघाल्यासारखी.

केरबा शेलारांनी गुलमर्गला नऊ हिवाळे
जवानांना घसरायला शिकवलं.
बर्फ हा एक शब्द त्यांना पुरत नसे.
त्यांनी आईच्या चुलीपाशी जाऊन नावं आणली :
पिठी, रात्रीत पडलेली, फुंकली तर उडणारी.
रवा, दुपारचा, पायाखाली करकरणारा.
खरवड, टोपाच्या तळाला धरते तशी,
तिच्यात धार रुतत नाही.
आणि पापडी. वरून कडक, आत पोकळ.
“पापडीवर जायचं न्हाई.”
एवढं बोलून ते कुणाच्या तरी पायाची गाठ
उगाच सोडायचे, परत बांधायचे.
माझ्या भावाला एकदा त्यांनी आनंदा म्हणून हाक मारली.
भावाचं नाव जयसिंग.
तो ‘ओ’ म्हणाला, आणि आम्ही काही विचारलं नाही.

मी सातवीत, पौषाची अखेर.
वेण्णा लेकच्या हिमकणांचा फोटो पेपरात येतो दरवर्षी,
आमच्या सड्याचा कुणी काढत नाही.
पहाटे साडेचारला कडी वाजली.
“उठा. पडलीया.”
बॅटरीच्या उजेडात ओढ्याकाठचा सगळा उतार
चुन्याची निवळी शिंपडल्यासारखा.
जयसिंगने तोंडात घातलं थोडं. “गवताचीच चव हाय.”
म्हशींच्या पाठीवरसुद्धा होतं,
त्या हलल्या नाहीत, कदाचित कळलंही नसेल त्यांना.

सुभेदारांनी अंगठा टेकवला, नखाशी मोजलं.
मग घरून आणलेलं पोतं सोडलं.
आत त्यांची खरी जोडी, लाल,
एकीचं टोक उडालेलं, पत्रा ठोकलेला.
आम्ही कुणी ती पाहिली नव्हती.
बूट मात्र नव्हते. कॅनव्हासच्या चपलांवरच
त्यांनी ट्यूब आवळली.

मोजून अठरा पावलं गेले असतील.
आवाज आला, रेशनचं पोतं फाडल्यासारखा,
दगडांशी एक बारीक वळण घेतलं
आणि थांबले. पाठमोरे.
मागे दोन हिरव्या रेघा.
मंदी टाळी वाजवणार होती, मी तिचा हात धरला.

परत वर आले ते फळ्याशी.
खडू त्यांनी पहिल्यांदाच हातात घेतला.
अक्षर माझ्याहून वाईट, ‘ठ’ उलटा फिरलेला :
पिठी. अर्धं नख. खुला.

पावणेआठला ऊन आलं.
आधी रेघांच्या कडा गेल्या, मग बाकीचं,
मग सगळा उतारच हिरवा-पिवळा, ओला,
आणि म्हशी उठल्या.
“पूस आता,” ते म्हणाले, “खोटं नगं लिवायला.”
मी हो म्हणाले.
शाळेला उशीर होत होता.