पाय हलला

इंगवले सरांच्या शिट्टीला आमचे पायच आधी कळायचे.
"हलला! पाय हलला, लेका!"
करंगळीएवढा सरकलेला असायचा,
तरी चेंडू खाली, कोर्टाला पाच फेऱ्या.

एका रिंगला जाळी नव्हती.
अख्खं कोल्हापूर पेठांच्या फुटबॉलला गेलेलं,
आम्हाला बघायला कँटीनचा पोरगा
आणि तीन पायांवर चालणारं एक कुत्रं.
सर म्हणायचे, कुणी बघत नसतं
तेव्हाच माणसाचा खेळ कळतो.
हे मी वहीत लिहून ठेवलं होतं.

त्या साली सरांनी शीतल मगदूमला आणला.
इचलकरंजीच्या सूतगिरणीत रात्रपाळी,
भुवयांवर कापसाचे तंतू, सहा फूट तीन.
कॉलेजची पायरी चढलेला नव्हता.
ओळखपत्रावर फोटो त्याचा, नाव रणधीर सरनाईक,
जो खरोखर बी.कॉम.ला होता
आणि बापाच्या टायरच्या दुकानात बसायचा.
"आठवडाभर रणधीर म्हणायचं. बास."
आम्ही म्हणालो, बास.

सवय व्हावी म्हणून उगीच हाका मारायचो,
रणधीर, पाणी दे. रणधीर, किती वाजले?
आणि तो भला माणूस
प्रत्येक हाकेला वळायचा.

फायनल. अकरा सेकंद. एका गुणानं मागं.
मी रिंगखाली मोकळा, चेंडू त्याच्याकडं,
आणि माझ्या तोंडून गेलं,
"शीतल!"

तो थांबला.
परगावात घरचं कुणी हाक मारावं
तसा थांबला, चेंडू छातीशी धरून.
पाय हलला का, मी पाहिलं नाही.
गुणलेखकाच्या टेबलावर एक मान वर झाली
आणि यादीवरून बोट फिरायला लागलं.

सरांनी सांगितलं, ऑफिसची चूक.
साळोखे क्लार्क दोन महिने घरी बसला.
समितीपुढं मी म्हणालो,
मला तर रणधीरच माहीत होता.
शीतलला कुणी बोलावलंच नाही,
तो पहाटेच्या एसटीनं पाळीला गेला होता.

माझी परीक्षेची फी त्या वर्षी सरांनी भरली.
चौकशीच्या आधी की नंतर?
वीस वर्षं मी हा हिशोब मांडतो,
कधी आधी येते, कधी नंतर.
आणि डाव्या हाताचा ले-अप
त्यांच्याइतका चांगला कुणी शिकवला नाही,
हेही खरंच आहे, काय करू?

रविवारी त्यांचा सत्कार. फेटा, शाल, मानपत्र.
"तू दोन शब्द बोल, तू त्यांचा लाडका."

काल रात्री लिहायला बसलो.
'आदरणीय सर' लिहिलं. पुढं
'आमच्या संघात एक मुलगा होता'
आणि त्याचं नाव लिहायला गेलो
तर पेनातून खोटंच आधी आलं.

खोडलं.
कागद फाटेपर्यंत खोडलं,
खुर्चीखाली
उजवा पाय मात्र
होता तिथंच रोवून.