कौलावरचा न

आमच्या गावाचं नाव मातवण. बाणातला ण.
पण साचा कोरला बाबल्या चारीनं,
जीभ दातांत धरून, अक्षरं उलटी,
आणि उलट्याचं सुलट होताना कुठेतरी
त्याचा ण झाला नळातला न.
रिबेलो साहेब मंगळूरचा. त्याला दोन्ही सारखेच.
पहिली भट्टी उतरली तेव्हा
चार हजार कौलांच्या पोटावर उमटलं होतं: मातवन.
तेव्हापासून वेंगुर्ल्यापासून देवगडापर्यंत
तापानं उताणं पडलेलं एकूण एक पोर
छपराकडे बघत
आमचं नाव चुकीचं वाचत आलं.

माती आमचीच. वावभर खाली,
भाताच्या मुळांच्याही खाली, निळसर, लोण्यासारखी.
ती गेली मचव्यातून, भाजून, लाल होऊन,
आणि इथे राहिल्या खणी.
खणींना नावं पडली ती छपरांची:
ही हायस्कूलची, ती कस्टमची,
ती मोठी, जिचा तळ कुणाला लागला नाही, ती इगर्जीची.
अजून संध्याकाळी कुणी हाक मारतं,
‘अरे, म्हशी कस्टमात बसल्यात, उठव त्यांना.’
आणि म्हशी उठत नाहीत.

ट्रॉलीचे रूळ भंगारवाल्यानं नेले.
धक्क्याच्या खांबांना कालवं धरली.
भोंगा कुणी नेला ते सगळ्यांना माहीत आहे,
कुणी सांगत नाही.
धुरांडं तेवढं उभं.
ते पाडायचा ठराव झाला तेव्हा
रापणकर, न्हय्यकर सगळे पंचायतीत येऊन बसले:
धुरांडं आणि वेताळाचं देऊळ
एका रेषेत आलं की खडपातली वाट सापडते,
एक पाडाल तर दुसऱ्याचा उपयोग काय?
वेताळाचे मानकरी जरा दुखावले.
पण धुरांडं राहिलं.

मी कौलं उतरवतो. हाच माझा धंदा.
स्लॅब पडायच्या आधी मला बोलावतात.
वासा मोकळा करायचा, पाल झटकायची,
एकेक कौल हातोहात खाली.
तारकर्लीचा एक रिसॉर्टवाला घेतो,
चाळीस रुपयांना एक. त्याची अट:
शेवाळ पाहिजे, नाव पाहिजे.
त्याच्या खोल्यांना आतून प्लास्टरचं छत आहे,
नाव दिसणार नाही कुणाला.
मी विचारलं नाही. चाळीस म्हणजे चाळीस.

परवा आचऱ्याला, एका बंद घराच्या कोनवाशापाशी,
कौलाच्या पोटावर, त्या न च्या शेजारी,
अंगठा.
ओल्या मातीत दाबलेला, मध्ये आडवी चीर.
ती चीर मी ओळखतो. आडाळ्यावरची.
तिनंच मला भात भरवला आहे.
भामाआते साच्यावर होती, चौदाव्या वर्षापासून.
शंभर कौलांना सहा आणे,
आणि मुकादम शंभराचे नव्वद मोजायचा.
म्हणून दर शंभराव्यावर ती अंगठा उठवायची.
महिनाअखेरीस मुकादमासमोर रास उलटून
अंगठे मोजत जायची, मोठ्यानं.
तिला सही येत होती. चांगली येत होती.
सही पुसता येते, म्हणायची.

रात्री तिला सांगितलं. ती अंथरुणात,
डोळ्यांत मोतीबिंदू, कान मात्र शाबूत.
मला वाटलं रडेल. निदान हात पुढे करेल.
‘फुटला हा?’
नाही.
‘वाजवून बगलंस?’
नव्हतं वाजवलं. परत गेलो पडवीत,
बोटाच्या हाडानं टकटक केली,
आणि त्या अंधारात ते वाजलं,
देवळातल्या लहान घंटेसारखं नव्हे,
जरा खाली, जरा कोरडं,
पण शेवटपर्यंत एकच.
आतून तिचा आवाज आला:
‘हसन सोलकराच्या भट्टीतला. तो घाय करी नसा.’
मग कूस बदलून, झोपता झोपता,
‘चाळीस कमी घेतलंस.’